स्त्री-खतना झालेल्या पहिलटकरणीचे बाळंतपण : सीझर अटळ असते का?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका लहान खासगी प्रसूतिगृहात वरिष्ठ परिचारिका म्हणून काम करते. आमच्या परिसरात आफ्रिकेतून आणि अरब देशांतून शिकायला आलेले बरेच विद्यार्थी राहतात, आणि त्यांच्यापैकी विवाहित असलेल्यांच्या बायका बाळंतपणासाठी आमच्याकडे येतात. अलीकडे एका सुदानी पहिलटकरणीने आमच्याकडे नाव नोंदवले. तिला नुकताच पाचवा महिना लागला आहे. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असा सर्व तपशील वगळून मी हे लिहीत आहे.

तपासणीच्या वेळी असे दिसले की तिचा लहानपणी खतना झालेला आहे, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा भाग कापलेला आहे. त्यात केवळ कापलेले नाही, तर दोन्ही बाजूंची त्वचा समोरासमोर जुळवून शिवलेली आहे. मूत्रमार्गाचे तोंड त्या त्वचेखाली पूर्ण झाकले गेले आहे आणि मागच्या बाजूला करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढीच वाट शिल्लक आहे. लघवीला तिला बराच वेळ लागतो, मासिक पाळीत फार दुखत असे, आणि या गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग दोनदा होऊन गेला आहे.

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात असे कधी पाहिलेले नाही. त्यांचा पहिला कल दिवस ठरवून सीझर करण्याकडे आहे, पण त्यांनीच मला सांगितले की जाणकारांना विचारून पाहा. त्या मुलीला सीझरची फार भीती वाटते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध सुरू असल्यामुळे तिला माहेरी जाता येत नाही आणि जवळ वडीलधारी बाई कोणी नाही. अशा खतन्यामुळे बाळंतपणात नेमके काय बिघडते, बाळाला धोका असतो का, आणि आम्ही आतापासून कोणती तयारी करावी, हे ज्यांनी अशा स्त्रियांची बाळंतपणे केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सह्यकडा

रानजाईताई, तुम्ही पाचव्या महिन्यातच विचारलेत हे फार चांगले झाले, कारण या विषयात पुढच्या बहुतेक अडचणी टळतात की नाही हे त्या स्त्रीची अवस्था कळा सुरू होण्याआधी कोणाच्या लक्षात आली होती का, यावर ठरते. मी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात काम करते. शिक्षण महाराष्ट्रात झाले, परंतु गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे, आणि आमच्या विभागात सोमाली, सुदानी आणि एरिट्रियन स्त्रिया नेहमी येतात.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. खतना झाला आहे एवढ्याच कारणासाठी सीझर करण्याची गरज नसते. बाळाचे डोके कटीच्या हाडांतून खाली येण्याचा मार्ग या स्त्रियांमध्ये इतर कोणाहीसारखाच असतो, कारण खतन्याने हाडांत काहीही बदल होत नाही. अडथळा असतो तो अगदी शेवटच्या टप्प्यावर, बाहेरच्या त्वचेत, आणि तो काही मिनिटांच्या छोट्या शस्त्रक्रियेने दूर करता येतो. सीझरसाठी दुसरे कारण असेल, उदाहरणार्थ वार खाली असणे किंवा बाळ आडवे असणे, तर ती वेगळी गोष्ट आहे.

जागतिक आरोग्य संघटना खतन्याचे चार प्रकार मानते. पहिल्यात क्लिटोरिसचा दिसणारा भाग किंवा त्यावरील त्वचा कापतात, दुसऱ्यात योनिमुखाचे आतले ओठही काढतात, आणि तिसऱ्यात ओठ कापून किंवा सरकवून एकमेकांना जोडतात व वाट अरुंद करतात. टोचणे, खरवडणे, डागणे असे बाकीचे सारे चौथ्यात येते. तुमच्या रुग्णाचा तिसरा प्रकार आहे. सुदान आणि सोमालियात त्याला फिरऔनी खतना असे म्हणतात, आणि या दोन्ही देशांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो.

आता बाळंतपणात काय होते ते पाहू. नेहमीच्या बाळंतपणात डोके खाली आले की योनिमुखाभोवतीची मऊ त्वचा आणि स्नायू हळूहळू ताणले जातात. खतन्याच्या जागी मात्र जखम भरून आलेला वण असतो, आणि वणाच्या त्वचेत ताणले जाण्याचा गुण फारच कमी असतो. त्यामुळे कळा उत्तम असूनही डोके शेवटच्या टप्प्यावर थांबून राहते. त्यातून बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो, किंवा वण मिळेल त्या दिशेने फाटतो. तो मागे फाटला तर गुदद्वाराभोवतीच्या स्नायूपर्यंत जखम जाऊ शकते. पुढे फाटला तर मूत्रमार्ग आणि क्लिटोरिसच्या जागेपाशी जाते, आणि तिथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने रक्तस्राव वेगाने होतो. बाळंतपणानंतर रक्त जास्त जात असेल तर आपण सवयीने गर्भाशय सैल पडले आहे का हे पाहतो, आणि ते पाहिलेच पाहिजे. या स्त्रियांमध्ये मात्र गर्भाशय घट्ट आकसलेले असतानाही पुढच्या फाटलेल्या भागातून रक्त वाहत असू शकते, म्हणून मूत्रमार्गाजवळचा भाग चांगल्या उजेडात लगेच तपासावा.

याहून कमी दिसणारी पण माझ्या मते तितकीच घातक अडचण म्हणजे तपासणी न करता येणे. वाट एवढी अरुंद असेल तर गर्भाशयाचे तोंड किती उघडले हे बोटांनी कळत नाही, स्पेक्युलम (आत पाहण्याचे उपकरण) जात नाही, गरज असताना पाणमोट फोडता येत नाही आणि कॅथेटर घालायला मूत्रमार्गच दिसत नाही. आत काय चालले आहे ते न समजल्यामुळे घाबरून सीझर केले जाते, किंवा उलट, प्रसूती रेंगाळली आहे हे लक्षात यायला उशीर होतो. गर्भपात झाला असेल आणि आत काही राहिले असेल तर तेही बाहेर यायला आणि काढायला याच कारणाने त्रास होतो. तुमच्या रुग्णाला लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आहे, त्याचे कारणही हेच असावे, कारण लघवी सरळ बाहेर न पडता त्वचेमागे साठते आणि तिथे जंतू वाढतात. गरोदरपणात हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि त्यामुळे मुदतीआधी कळा येण्याचीही भीती असते. लघवीचा नमुना मात्र जपून वाचा. तो योनीतील स्रावात मिसळूनच बाहेर येतो, त्यामुळे साध्या तपासणीत प्रथिने किंवा पेशी दिसल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका.

उपाय असा आहे की तो शिवलेला पडदा उघडायचा. याला डीइन्फिब्युलेशन म्हणतात. इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शनानुसार तो गरोदरपणात, साधारण विसाव्या आठवड्याच्या आसपास, उघडता येतो. तसे केल्यास कळा सुरू होण्याआधी जखम पूर्ण भरते, संसर्ग कमी होतो आणि पुढच्या सर्व तपासण्या सोप्या होतात. काही स्त्रिया मात्र सांगतात की दोनदा कापून घेण्यापेक्षा बाळंतपणातच उघडा. त्यांचेही म्हणणे मान्य करावे. अशा वेळी कळांच्या सुरुवातीच्या काळात, किंवा डोके खाली दिसू लागल्यावर, भूल देऊन उघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन्ही मार्ग मान्य केले आहेत आणि निर्णय स्त्रीच्या पसंतीवर व तिथल्या सोयींवर सोडला आहे. तुमच्याकडे मध्यरात्री कळा घेऊन आलेल्या रुग्णाला हे करू शकणारी व्यक्ती हजर असेल याची खात्री नसेल, तर आधी उघडणे अधिक सुरक्षित, असे मी म्हणेन.

तंत्र तुमच्या मॅडमना एकदा समजले की अवघड वाटणार नाही. भूल पूर्ण चढल्याची खात्री करावी. मग पडद्यामागे बोट किंवा बोथट चिमटा सरकवावा, म्हणजे मूत्रमार्ग आणि बाळंतपणात असल्यास बाळाचे डोके सुरक्षित राहते. मधोमध, खालून वर असा छेद घ्यावा आणि मूत्रमार्गाचे तोंड दिसले की थांबावे. त्याच्या फार वर जाऊ नये. तिथून रक्त फार जाते, आणि अनेक स्त्रियांमध्ये वणाखाली क्लिटोरिसचा बराच भाग शाबूत असतो, त्याला इजा होता कामा नये. नंतर दोन्ही कडा आपापल्या बाजूला, विरघळणाऱ्या बारीक धाग्याने शिवाव्यात. पडदा उघडल्यानंतरही मागच्या बाजूची त्वचा कडक असेल तर बाळंतपणात नेहमीचा तिरका छेद घ्यावा लागू शकतो. तो सरसकट घेऊ नये, त्वचा किती ताणते आहे ते पाहून ठरवावे.

भुलेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगते. या मुलींपैकी बहुतेकींना लहानपणी भूल न देता धरून ठेवून कापलेले असते. त्याच जागी पुन्हा पाते लागताना जरासेही दुखले, तर तो सारा प्रसंग त्यांच्या मनात जसाच्या तसा उभा राहतो. म्हणून कमरेतून भूल देणे शक्य असेल तर तीच निवडावी.

कृष्णाकाठ

वरील प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात संख्याशास्त्राचे काम करतो, रुग्ण पाहत नाही.

बाळंतपणावरील परिणामांचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने केला आणि तो २००६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बुर्किना फासो, घाना, केनिया, नायजेरिया, सेनेगल आणि सुदान या सहा देशांतील २८ प्रसूतिकेंद्रांत नोव्हेंबर २००१ ते मार्च २००३ या काळात प्रसूत झालेल्या २८,३९३ स्त्रियांची त्यात नोंद आहे. खतना न झालेल्या स्त्रियांशी तुलना करता तिसऱ्या प्रकारच्या स्त्रियांमध्ये सीझरचे प्रमाण ३१ टक्क्यांनी, प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे ६९ टक्क्यांनी आणि जन्मल्यावर बाळाला श्वास देण्याची गरज पडण्याचे ६६ टक्क्यांनी अधिक होते. मृत जन्म किंवा रुग्णालयात असतानाच बाळ दगावणे याचे प्रमाण दुसऱ्या प्रकारात ३२ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात ५५ टक्क्यांनी जास्त आढळले. बाळाच्या वजनात मात्र फरक दिसला नाही. तो दिसला असता तर आईच्या पोषणाचा किंवा गरिबीचा परिणाम मोजला जातो आहे अशी शंका घेता आली असती. खतन्यामुळे दर शंभर प्रसूतींमागे एक ते दोन बाळे अधिक दगावतात, असा अंदाज त्या अभ्यासकांनी मांडला.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रुग्णालयात पोहोचलेल्या स्त्रियाच यात मोजल्या आहेत. घरी सुईणीच्या हातून बाळंत झालेल्या, वाटेतच दगावलेल्या स्त्रिया यात नाहीत, त्यामुळे खेड्यापाड्यांतील खरे चित्र याहून वाईट असण्याची शक्यता आहे. दुसरी गोष्ट या धाग्याच्या प्रश्नाला थेट लागू होते. स्वीडनमध्ये प्रसूत झालेल्या स्थलांतरित स्त्रियांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात खतना आणि रेंगाळलेली प्रसूती यांचा संबंध आढळला नाही. ही दोन निरीक्षणे मला परस्परविरोधी वाटत नाहीत. वण तोच असतो. फरक पडतो तो त्याच्यासमोर उभ्या असलेल्या व्यक्तीला तो वेळेवर उघडता येतो की नाही याने, आणि म्हणून रानजाईताईंच्या रुग्णाच्या बाबतीत ५५ टक्के हा आकडा जसाच्या तसा लावून तिला घाबरवू नये.

प्रामाणिकपणासाठी हेही नोंदवतो की वेळेवर उघडण्याचा जो फायदा सांगितला जातो, त्यामागचा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेने स्वतःच अत्यंत कमी दर्जाचा मानला आहे, कारण या विषयात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणारे प्रयोग झालेले नाहीत. तरीही संघटनेने शिफारस ठामपणे केली. अडथळा डोळ्यांना दिसत असताना तो तसाच ठेवून कोणी प्रयोग करावा, असे मला तरी वाटत नाही.

केवडा

मी सौदी अरेबियात, जेद्दा येथे प्रसूतिकक्षात परिचारिका होते. तिथे सुदानी आणि सोमाली स्त्रिया नित्य येत असत. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू मांडलीच आहे, म्हणून मी रानजाईताईंना केवळ त्या मुलीशी कसे वागावे याबद्दल लिहिते.

तिला बघायला प्रसूतिगृहातील सर्वांना बोलावू नका. आपल्याकडे असे काही वेगळे दिसले की शिकण्याच्या हेतूनेच, पण एकामागून एक जण येऊन पाहून जातो, आणि पाय बांधून निजलेल्या त्या बाईच्या मनाचे काय होत असेल याचा विचार राहून जातो. एकदाच, एकाच अनुभवी व्यक्तीने पाहावे, कागदावर आकृती काढून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक पाळीतील परिचारिकेने ती आकृती पाहावी. चेहऱ्यावर धक्का किंवा कीव दिसू देऊ नका. तिच्या आईने आणि आजीने हे तिच्या भल्याचे समजून केलेले असते. तुम्ही त्यांची निंदा केलीत तर ती पुढच्या तपासणीला येणार नाही.

दुभाषी म्हणून नवऱ्याला बसवू नका. कितीही भला असला तरी त्याच्यासमोर ती लघवीच्या त्रासाबद्दल, संबंधांच्या वेळी होणाऱ्या वेदनेबद्दल बोलणार नाही. पुण्यात अरबी जाणणारी एखादी विद्यार्थिनी मिळू शकेल, मात्र ती त्यांच्या ओळखीतील नसावी. "तुझा खतना झाला आहे का?" असा प्रश्न बऱ्याचदा पुरेसा होत नाही, कारण अगदी तान्ह्या वयात झालेला असल्यास तिलाही ठाऊक नसते. "लघवीला किती वेळ लागतो? पाळीचे रक्त सहज जाते का?" असे विचारले तर नीट उत्तर मिळते.

ती पोटभर जेवते आहे ना, हेही विचारा. बाळ लहान राहावे, म्हणजे वाट कमी फाटेल आणि सीझर टळेल, या समजुतीने शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी खाणाऱ्या सोमाली स्त्रिया मी पाहिल्या आहेत. भीती मनात ठेवून ती उपाशी राहत असेल, तर तिचे रक्त कमी होईल, आणि मग थोडासा रक्तस्रावही तिला झेपणार नाही. हिमोग्लोबिनकडे पहिल्यापासून लक्ष द्या आणि तिचा रक्तगट जुळणारे रक्त कुठे मिळेल हे आधीच विचारून ठेवा.

पडदा उघडल्यावर तिच्या शरीरात जे बदल होतील ते आधी सांगून ठेवा. लघवीची धार जोरात येईल, आवाज होईल, सुरुवातीचे काही दिवस सतत ओले वाटेल, हवा लागल्यासारखे वाटेल. जिने लहानपणापासून थेंब थेंब लघवी केली आहे, तिला ही धार म्हणजे काहीतरी बिघडले आहे असे वाटते. आमच्याकडे एक बाई याच कारणाने रडत परत आली होती.

रानजाई

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. मॅडमनी हा धागा वाचला. त्यांनी ठरवले आहे की दिवस ठरवून सीझर करायचे नाही. त्या स्वतः एका मोठ्या रुग्णालयातील वरिष्ठ सहकाऱ्यांशी बोलल्या आहेत, आणि मुलगी तयार असेल तर येत्या आठवड्यांत कमरेतून भूल देऊन पडदा उघडण्याचा विचार आहे.

कालच्या भेटीत केवडाताईंनी सांगितल्याप्रमाणे एका विद्यार्थिनीच्या मदतीने बोलले, तेव्हा एक नवाच प्रश्न पुढे आला. मुलगी उघडायला तयार आहे, परंतु बाळ झाल्यावर "पूर्वीसारखे" शिवून द्याल ना, असे तिने विचारले. तिच्या आईचे आणि मोठ्या बहिणींचे प्रत्येक बाळंतपणानंतर असेच केले गेले होते. तिला काय उत्तर द्यावे? आपल्या देशात याविषयी कायदा आहे का? आणि योनीवाटे लघवीची सतत गळती होणारा जो भगंदर बाळंतपणानंतर होतो, तो याच खतन्याने होतो असे मी वाचले आहे, ते खरे का?

सह्यकडा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याबद्दल बराच गैरसमज आहे. मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडणारे छिद्र मुख्यतः बाळाचे डोके कटीच्या हाडांत दिवसेंदिवस अडकून राहिल्याने पडते. मधल्या ऊती दबून मरतात आणि गळतात. वेळेवर सीझर न मिळणे हे त्याचे मूळ कारण आहे. खतन्याचा अडथळा त्याच्या खूप खाली, बाहेरच्या तोंडाशी असतो. सोमालिया, सुदान, इथिओपिया यांसारख्या देशांत खतनाही आहे आणि दूरवरच्या वस्त्यांत सीझरची सोयही नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या वाट्याला येतात आणि एक दुसरीमुळे घडली असे वाटते. अडाणीपणे पडदा कापताना मूत्रमार्गाला थेट इजा झाल्याने गळती लागू शकते, तो भाग वेगळा.

आता पुन्हा शिवण्याबद्दल. उत्तर "नाही" असेच द्यावे, परंतु ते बाळंतपणाच्या टेबलावर न देता आत्ता, शांतपणे द्यावे. सुदानमध्ये बाळंतपणानंतर सुईणीकडून पुन्हा शिवून घेण्याची रीत आहे, तिला तिथे अदल म्हणतात. प्रत्येक वेळी उघडणे आणि शिवणे यातून वणावर वण चढतो, पुढच्या बाळंतपणात ती त्वचा आणखी कमी ताणते, आणि संसर्ग व वेदना परत सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा याला स्पष्ट विरोध आहे. इंग्लंडमध्ये असे शिवणे कायद्याने गुन्हा आहे. खुद्द सुदाननेही २०२० मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती करून खतना करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. भारतात खतन्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, पण कायदा नसला तरी ज्यात रुग्णाचे कोणतेही वैद्यकीय हित नाही अशी शस्त्रक्रिया करायला डॉक्टर बांधील नसतो. जिथून रक्त येते आहे तेवढे, दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठेवून शिवायचे, हे तिच्या कागदावर ठळक लिहून ठेवा, म्हणजे रात्रपाळीतील डॉक्टरांवर ऐनवेळी दबाव येणार नाही.

तिच्या मागणीमागे काय आहे हे मात्र समजून घ्या. बऱ्याचदा ती नवऱ्यासाठी मागत असते आणि नवऱ्याला कोणी विचारलेलेच नसते. तिची संमती असेल तर दोघांना एकत्र बसवून बोला. माझ्या अनुभवात अनेक तरुण नवरे सांगतात की आम्हाला हे नकोच होते, लग्नानंतरचे पहिले महिने दोघांनाही यातनांचे गेले. ते ऐकून बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला आहे.

हे बदलायला किती काळ लागतो याची कल्पना यावी म्हणून सांगते. ब्रिटिश राजवटीने १९४६ मध्येच सुदानमध्ये फिरऔनी खतन्यावर बंदी घातली होती. तेव्हा एका स्त्रीला अटक झाल्यावर रुफाआ गावात मोठा उठाव झाला, आणि परकीयांनी लादलेला कायदा म्हणून लोकांनी तो झुगारला. सोमालीलँडमध्ये एडना अदान इस्माईल या प्रशिक्षित सुईणीने १९७० च्या दशकापासून आपल्याच लोकांत याविरुद्ध बोलायला सुरुवात केली, २००२ मध्ये हर्गेसा येथे स्वतःचे प्रसूतिगृह उघडले आणि तिथे मुलींना सुईणीचे शिक्षण दिले. बाळंतपणात वण फाटताना ज्या हातांनी पाहिला आहे, त्या सुईणींचे म्हणणे बायका ऐकतात. कोणाच्याही भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

सागरगोटा

हा धागा वाचून विचारायचे धाडस करते. मी मुंबईची, दाऊदी बोहरा कुटुंबातील आहे. माझा खतना सातव्या वर्षी झाला. माझी पहिली प्रसूती काही महिन्यांवर आली आहे. इथे जे वाचले त्यामुळे मनात धास्ती बसली आहे. आमच्यात शिवत नाहीत, परंतु थोडेसे कापतात. मला डॉक्टरांना हे सांगावे लागेल का? आजवर कोणालाच सांगितलेले नाही.

कृष्णाकाठ

सागरगोटाताई, आकड्यांच्या बाजूने तुम्हाला धीर देता येतो. ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला त्यात पहिल्या प्रकारच्या स्त्रियांमध्ये आणि खतना न झालेल्या स्त्रियांमध्ये बाळंतपणाच्या परिणामांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नव्हता. बोहरा समाजातील खतना साधारणपणे पहिल्या किंवा चौथ्या प्रकारात मोडतो. याचा अर्थ त्याने काहीच हानी होत नाही असा मुळीच नाही. वेदना, लैंगिक संबंधांतील त्रास आणि मनावरचा आघात यांबद्दल बोहरा स्त्रियांनी स्वतः लिहिले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयात २०१७ पासून याविषयी याचिका आहे, जी २०१८ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवली गेली. पण बाळाच्या जिवाची जी भीती तुमच्या मनात बसली आहे, तिला या आकड्यांत आधार नाही.

सह्यकडा

सागरगोटाताई, डॉक्टरांना सांगणे बंधनकारक नाही, पण सांगितलेत तर तुमच्याच सोयीचे होईल. कापलेल्या जागी छोटी गाठ किंवा स्पर्शाला फार दुखणारा वण असू शकतो. तो माहीत असला तर आतली तपासणी हलक्या हाताने करता येते आणि कॅथेटर घालताना काळजी घेता येते. प्रत्यक्ष बोलणे जड जात असेल तर एका ओळीची चिठ्ठी लिहून फाईलमध्ये ठेवा आणि तपासणीआधी ती वाचायला सांगा. तपासणी कोणत्याही क्षणी थांबवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे, हेही त्या चिठ्ठीत लिहा.

रानजाई

सागरगोटाताई, तुम्हाला सुखरूप बाळंतपणासाठी मनापासून शुभेच्छा.

आज आमच्या रुग्णाशी आणि तिच्या नवऱ्याशी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलणे झाले. पुन्हा शिवायचे नाही, हे दोघांनीही मान्य केले आहे. नवऱ्याने स्वतःहून विचारले की बाळंतपणानंतर टाके भरून यायला किती दिवस लागतील आणि तिला कोणती काळजी घ्यावी लागेल. आणखी एक शंका आहे. पडदा उघडल्यानंतर कडा पुन्हा आपोआप चिकटू नयेत म्हणून काय करावे?

केवडा

दिवसातून दोनतीनदा कोमट पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून ती जागा कोरडी ठेवायला सांगा. लघवी करताना वरून पाणी ओतले की आग कमी होते. धुताना दोन्ही कडा हळूच अलग करून पाहायला तिला स्वतःला शिकवा. हे शिकवताना आरसा द्या, कारण स्वतःचे शरीर तिने कदाचित कधी पाहिलेले नसेल. पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर सहाव्या आठवड्याला तपासा. दुखण्यावर पॅरासिटामॉल गरोदरपणातही चालते. ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव दिसला किंवा लघवी अडली तर रात्री-अपरात्रीही यायला सांगा, आणि त्या वेळी तुमच्याकडे जी परिचारिका असेल तिला हा सगळा इतिहास आधीच ठाऊक असेल असे करा.

सह्यकडा

केवडाताईंच्या सूचनांत एकच भर. बाळ मुलगी झाली तर घरी सोडण्याआधी त्या दोघांशी तिच्याविषयी स्पष्ट बोला. पुढे कधी सुदानला परतले तर आजी-मावश्यांचा आग्रह होईल, तेव्हा काय सांगायचे हे त्यांनी आताच आपापसांत ठरवलेले बरे. आम्ही आमच्याकडे हे बोलणे गरोदरपणातच करतो आणि कागदावर नोंदवतो. ज्या आईचा पडदा आम्ही उघडलेला असतो ती या बोलण्यात फारशी आडकाठी घेत नाही, उलट बऱ्याचदा तीच नवऱ्याला बोलू न देता आपले म्हणणे आधी मांडते.